लाईट गेली की थांबणारं मशीन

आमचे सर सामना बघत नसत. टेनिस शिकवणारा माणूस, आणि आपला विद्यार्थी कोर्टावर उतरला की हे कोर्टाकडे पाठ करून बसायचे. जाळीच्या कुंपणाबाहेर एक दगडी कट्टा होता. त्यावर बसून, छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून, मान खाली घालून ते ऐकत राहायचे. बॉल रॅकेटच्या मधोमध बसला की कडेला लागला, पाय वेळेवर पोचले की मागून फरफटत आले, हे सगळं आवाजावरून कळतं असं ते म्हणत. ते खरंही होतं. पण खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांना बघवायचं नाही.

सर बेळगावातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख होते. निवृत्त झाले तरी कॉलेजमागच्या लाल मातीच्या कोर्टावर रोज यायचे, आमच्याही आधी. आल्यावर पहिल्यांदा आभाळ बघायचे. मग नेट मोजायचे. एक रॅकेट उभी, तिच्यावर दुसरी आडवी, की नेटची मधली उंची बरोबर येते. हे सगळेच करतात, पण सर प्रत्येक गेमनंतर करायचे. नेट काही मधल्या वेळेत कुठे जात नसे. तरी मोजायचे. बॉलचा नवा डबा उघडला की आधी वास घ्यायचे, मग एकेक बॉल गालाला लावायचे. आम्ही म्हणायचो, ताप आहे का बघतात.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. ज्या भागातून तुम्ही आलात ते तुमचं नाव. मी वडगाव. माझ्याबरोबर खेळणारी दुसरी मुलगी अनगोळ. खूप वर्षांपूर्वी शिकून गेलेला एक विद्यार्थी परदेशात मोठ्या हुद्द्यावर होता, तोही फोनवर टिळकवाडीच. "टिळकवाडी, तिकडं थंडी हाय म्हणं. कानाला बांधून फिर," असं सर ओरडून सांगायचे, जणू आवाजानेच त्याच्या कानाला मफलर बांधायचा होता.

स्वतः सर शहापूरचे. त्यांच्या वडिलांचा हातमाग होता, साड्यांचा. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारण माझ्या घरी यंत्रमाग होते. मी पहिल्या वर्षाला होते, मैदानावर कबड्डीची निवड चालली होती आणि सर मुलींच्या रांगेपुढून जाताना प्रत्येकीपुढे अचानक हातातून बॉल सोडत होते. माझा मी जमिनीला लागायच्या आत धरला. त्यांनी माझं मनगट उलटंपालटं करून बघितलं.

"सुताच्या कांड्या भरतीस काय गं घरात, मागाच्या?"

"व्हय सर."

"मग कबड्डीत काय करतीस? उद्यापासनं इकडं ये."

आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. माझी शाळा मराठी, कॉलेज अर्धं कन्नड आणि अर्धं इंग्रजी, आणि टेनिस हा शब्द मी फक्त वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर वाचलेला. रॅकेट कॉलेजची, बूट सरांनी कुठून तरी आणलेले. आज मी जे काही आहे ते त्या एका बॉलमुळे आहे. हे मी कुणालाही सांगायला संकोचत नाही.

सरांच्या तोंडून शाबासकी कुणी ऐकलेली नव्हती. एखादा फटका रेषेवर अगदी अलगद पडला, की ते छत्रीच्या टोकाने ती जागा बघून यायचे आणि म्हणायचे, "बघू." त्याच्या वर काही नव्हतं. "बघू" मिळाला की आम्ही घरी चालत न जाता धावत जायचो.

सराव म्हणजे सर नेटच्या पलीकडे टोपलं घेऊन उभे आणि हातातल्या रॅकेटने एकेक बॉल आमच्याकडे टाकतायत. ह्यात त्यांचा एक त्रास होता. बॉल सलग कधी यायचाच नाही. टोपल्यातून उचलला, रॅकेट वर गेली, आता येणार म्हणून मी पाय उचलला, की सर कान खाजवायचे. मध्येच आभाळाकडे बघायचे. "वडगाव, आज जेवून आली न्हाईस तू," म्हणायचे, आणि मी उत्तराला तोंड उघडलं की त्याच क्षणी बॉल कोपऱ्यात. कधी दोन लागोपाठ. कधी टोपल्यातला बॉल गालाला लावून परत ठेवून द्यायचे, ह्याचा जीव गेलाय म्हणून, आणि दुसरा शोधत बसायचे. अनगोळ वैतागून म्हणायची, "ह्यांच्या हातनं एक बॉल येईस्तवर माझी भाकरी जिरती." मलाही वाटायचं, ह्या काळजीपायी आमचा अर्धा सराव फुकट जातो.

मी शेवटच्या वर्षाला असताना सरांचा उजवा खांदा गेला. आधी बॉल हळू येऊ लागले. मग एके सकाळी टोपलं उचलताना ते तसंच खाली सोडून सर कुंपणाला टेकून उभे राहिले, चेहरा आमच्याकडून फिरवून. डॉक्टरांनी सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, रॅकेट तर धरायचीच नाही.

त्या वर्षी माझं सगळंच टांगणीला लागलेलं होतं. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड धारवाडला व्हायची होती. त्या संघातून खेळलं की पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला खेळाच्या कोट्यातून जागा मिळत असे. माझ्या मार्कांवर ती मिळणार नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, विरोधात नव्हते. त्यांनी फक्त एकदा जेवताना शांतपणे सांगितलं, "जागा मिळाली तर जा. न्हाय मिळाली तर दुसरा माग तू बघायचा. माझी कंबर आता ऱ्हायली न्हाय." त्यात राग नव्हता, म्हणून वाद घालायलाही जागा नव्हती. मी रोज रात्री मागाच्या आवाजात झोपताना दुसऱ्या मागाकडे बघायचे, आणि तो माझ्याकडे.

आणि अशा वेळी बॉल टाकणारं कुणी उरलं नव्हतं.

टिळकवाडीला कुठून तरी कळलं. त्याने फोन करून सांगितलं की बॉल फेकणारं मशीन कॉलेजला मी देतो, फक्त कोणतं ते सरांनी निवडावं. झालं. सरांची झोप गेली. माहितीपत्रकं इंग्रजीत असायची. ती ते कट्ट्यावर पसरून छत्रीचं वजन ठेवून वाचायचे आणि मला शेजारी बसवायचे. एकात दोन चाकं, एकात हवेचा दाब. एक बॅटरीवर, एक विजेवर. एक बॉल नुसता फेकतं, एक त्याला वर-खाली फिरकी देतं. सरांचे प्रश्न कुठल्याच पत्रकात नव्हते. लाल धूळ चाकात गेली तर? पावसाळ्यात बॉल ओला लागला तर? आपले जुने, केस गेलेले बॉल त्याला चालतात का? "आणि हे आजारी पडलं, तर न्यायचं कुणाकडं?"

कागदावर बघून काही ठरेना, म्हणून आम्ही दोन मशीनं प्रत्यक्ष बघायला निघालो. एक कोल्हापूरला एका क्लबात होतं, दुसरं परतीच्या वाटेवर निपाणीत. बसमध्ये सर नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसले. ड्रायव्हरला डुलकी लागू नये ही त्यांची जबाबदारी. संकेश्वर मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय हो, चहा घेतला न्हवं सकाळी?" ड्रायव्हर म्हणाला, "घेतलाय आजोबा. तुम्ही झोपा आता, गाडी मी चालवतो." सर झोपले नाहीत.

कोल्हापूरचं मशीन बॅटरीवरचं होतं. बटण दाबलं की ते आपल्या मनाने फेकायचं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एक बॉल लगेच, दुसरा कितीतरी वेळाने. मी चुकत गेले. पाय अडकले, दोनदा बॉल अंगावर आला. क्लबचा माणूस कौतुकाने सांगत होता की ह्याचा अंदाज कुणालाच लागत नाही. सर छत्री घट्ट धरून उभे होते. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साकु गं. ह्याचं डोकं ठिकाणावर न्हाय. निवडीच्या तोंडावर हे तुला घाबरवून सोडंल." साकु म्हणजे पुरे. सर घाबरले की कन्नडमध्ये बोलायचे.

निपाणीचं मशीन एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे होतं. त्याचा नातू खेळायचा, म्हणून वखारीमागे त्यांनी कोर्ट करून घेतलं होतं. फाटकातून आत गेलं की तंबाखूचा वास नाकातून डोक्यात चढायचा. सरांना शिंकांवर शिंका. व्यापारी म्हणाला, "मास्तर, आमच्या नातवाला शिंक न्हाय येत, तुम्हाला कशी येती?" सर म्हणाले, "त्याला मशीन शिकवतंय. मशीनला नाक न्हाय."

ते दोन चाकांचं होतं, विजेवर चालणारं, जड. वखारीतून लांब वायर आणून जोडली. चालू झालं तेव्हा आधी घरघर, मग बॉल आत पडल्याचा खट, आणि बाहेर पडल्याचा फट. खट-फट. खट-फट. दिशा ते बदलायचं, डावी झाली की उजवी, पण ठेका तोच. पहिले काही बॉल मी नुसते परतवले. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. माझे पाय आपोआप जायला लागले. खांदा आपोआप वळायला लागला. मी विचार करत नव्हते. बॉल रेषेच्या आत, पुन्हा आत, पुन्हा आत. नातू खेळायचं सोडून बघत उभा राहिला. तंबाखू निवडणाऱ्या दोन बायका वखारीच्या दारात येऊन थांबल्या.

मी सरांकडे बघितलं. सर खुर्चीवर बसले होते. कोर्टाकडे तोंड करून. छत्री आडवी मांडीवर, खांदे सैल, डोळे अर्धे मिटलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"सर, हेच," मी म्हणाले.

"व्हय. हेच. मनाला बरं वाटतंय बघ ह्याच्याजवळ."

परतताना बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरला काही विचारलं नाही. निपाणी सोडल्यावर थोड्या वेळात त्यांची मान खिडकीला टेकली.

तसंच मशीन आमच्या कोर्टावर आलं. ऑफिसच्या खिडकीतून वायर ओढली. धूळ जाऊ नये म्हणून सरांनी बायकोच्या जुन्या साडीचं आच्छादन शिवून घेतलं, शहापुरीच साडी, काठासकट. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे खेळू लागले. चुका थांबल्या. माझा फोरहँड असा बसला की कॉलेजातले इतर लोक बघायला यायचे. आप्पा एकदा सायकलवरून येऊन कुंपणाबाहेर थांबले. जाताना म्हणाले, "चांगलं वाजतंय."

सगळं चांगलं चाललं होतं, आणि मला एक बारीक भीती लागून राहिली होती. कशाची, ते कळत नव्हतं. हळूहळू लक्षात आलं की ती सरांची होती. सर काळजी करेनासे झाले होते. आभाळ बघायचे नाहीत. नेट सकाळी एकदा मोजलं की मोजलं. मशीनच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि थोड्या वेळाने चक्क घोरायचे. ज्या माणसाने आयुष्यात कोर्टावर कधी पाठ टेकली नाही, तो मशीनच्या खट-फटीत झोपायचा. जी काळजी इतकी वर्षं ते वाहत होते ती त्यांनी खाली ठेवली होती, आणि ती कुणी उचलायची हे ठरलं नव्हतं. म्हणून ती माझ्याकडे आली असावी.

निवड जवळ आली तेव्हा सरांनी माझा आणि अनगोळचा एक सामना ठेवला. अनगोळला मी नेहमी हरवायचे. तिच्याकडे जोर नव्हता, घाईही नव्हती. सर्व्हिसच्या आधी ती बॉल इतका वेळ आपटत बसायची की समोरच्याला जांभई यावी. उंच, हळू बॉल मारायची. मध्येच टॉवेलकडे चालत जायची. त्या दिवशी मी तिच्यापुढे कोसळले. माझा फटका आधीच सुटायचा, बॉल अजून वर असायचा. थांबायला गेले की पाय दगडासारखे. फोरहँड, ज्याच्यासाठी लोक बघायला येत, तो नेटमध्ये, कुंपणावर, शेजारच्या झाडात.

हरल्यावर अनगोळ घाम पुसत जवळ आली. "काय गं वडगाव, मशीनला विचारून ये जा. चुकलं कुठं म्हणून."

ती वाईट मुलगी नव्हती. पण त्या रात्री मी जेवले नाही. दुसरा माग चालू होता. आई त्याच्यापाशी उभी होती. मी तिला बाजूला करून स्वतः उभी राहिले, आणि माझे हात इतके सहज चालायला लागले की मला रडू आलं.

सरांनी सामना पाठ करून ऐकला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "मशीन लाव." मी खेळू लागले. खट-फट. पुन्हा सगळे बॉल आत. सर ह्या वेळी झोपले नव्हते. स्टुलावर ताठ बसून माझ्याकडे बघत होते, मशीनकडे नाही.

आणि लाईट गेली.

बेळगावात तेव्हा संध्याकाळी लाईट जाणं ही काही बातमी नव्हती. चाकं घरघरत मंद झाली. बॉल नळीच्या तोंडाशी येऊन अडकला. बाहेर आला नाही.

मी तो मारला.

म्हणजे मी बाजूला धावले, खांदा वळवला, रॅकेट पूर्ण फिरवली, आणि पुढच्या बॉलसाठी मधोमध परत आले. अगदी वेळेवर. मग मला ती शांतता ऐकू आली. पोरं हसली नाहीत, कारण कोर्टावर आम्ही दोघंच होतो. सर स्टुलावरून उठले होते.

"काय मारलंस आत्ता?"

"बॉल."

"कुठं हाय?"

मी बघितलं. कुठेच नव्हता.

सर चालत चालत कोर्टाच्या कडेला ठेवलेल्या रोलरपाशी गेले आणि त्यावर बसले. बराच वेळ छत्रीच्या टोकाने मातीत काही तरी ओढत राहिले.

"आमच्या घरात," ते म्हणाले, "रात्री माग थांबला की आम्ही पोरं उठून बसायचो. चालू असला की गाढ झोप. माझी आई म्हणायची, ह्यांना पाळणा नको, माग पाहिजे."

"आमच्यात बी तसंच हाय, सर."

"व्हय की. तेच म्हणतोय." त्यांनी मशीनकडे बघितलं, काठाच्या साडीखाली अर्धवट झाकलेल्या. "मी शहापूरचा, तू वडगावची. आपण दोघं मिळून कोल्हापूरला गेलो, निपाणीला गेलो, आणि काय निवडून आणलं? माग. धोटा इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. तुला खेळायला सोपं, मला झोपायला सोपं." मग ते उठले आणि मला बरेच दिवस ऐकायला न मिळालेल्या चिरक्या आवाजात म्हणाले, "अय्यो देवा, निवड तोंडावर आलीय गं. आभाळ बी भरलंय."

आभाळ खरंच भरलं होतं. मला एवढा धीर कशानेही आला नसता.

मशीन बदलायला वेळ नव्हता, आणि टिळकवाडीला पुन्हा सांगायचा सरांना धीर नव्हता. दुसऱ्या सकाळी मी पोचले तेव्हा त्यांनी मशीनवरचं बॉलचं टोपलं काढून खाली ठेवलं होतं. खालची फिरती तबकडीही सोडवली होती. उरली होती ती फक्त चाकं आणि त्यांच्याकडे जाणारी नळी. शेजारी स्टूल. सर बसले, मांडीवर बॉल घेतले, आणि डाव्या हाताने एक बॉल नळीत सोडला. फट. जोर मशीनचा, खांद्याच्या वर हात न्यायची गरज नाही. दुसरा बॉल त्यांनी उचलला, नळीपर्यंत नेला, आणि कान खाजवला.

मी आधीच धावले होते. हवेत रॅकेट फिरवून आले.

"कुठं निघालीस?" सर म्हणाले. "मी अजून दिला न्हाय."

तेव्हापासून निवडीपर्यंत त्यांनी मला छळलं. दुसरा शब्द नाही. बॉल नळीत अर्धा घालून बाहेर काढायचे. मध्येच उठून नेट मोजायला जायचे. लागोपाठ तीन सोडायचे आणि मग चष्मा पुसत बसायचे. "आप्पांची कंबर कशी हाय?" विचारायचे, मी "बरी" म्हणेपर्यंत फट. बॉल गालाला लावून "ह्याला ताप हाय" म्हणून टाकून द्यायचे. मशीन एकटं असताना कधी चुकत नव्हतं आणि आता दर बॉलला ते चुकल्यासारखं वागायचं. पहिले काही दिवस मी अनगोळपुढे खेळले त्याहूनही वाईट खेळले. रडलेही. सर म्हणाले, "रड, पण पाय हलवत रड."

मग केव्हा तरी मी सरांचा हात बघायला लागले. हात कुठे आहे, बोटं सैल झाली का, चेहरा माझ्याकडे आहे की आभाळाकडे. बॉल येईपर्यंत मी फक्त वाट बघायचे. ती वाट बघणं फार अवघड होतं. मागावर काम करणाऱ्या माणसाला वाट बघायची सवय नसते. धागा तुटला तर तो जोडायचा, वाट कसली बघायची? सरांना मात्र दुसरं काही येत नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य वाट बघण्यात गेलेलं होतं, पावसाची, फोनची, काही तरी वाईट होण्याची. ते त्यांनी मला डाव्या हाताने शिकवलं.

धारवाडला शेवटच्या जागेसाठी माझ्यासमोर हुबळीची एक मुलगी आली. तिच्या संथपणापुढे अनगोळ म्हणजे वादळ. ती बॉल आपटायची, थांबायची, केस मागे घ्यायची, पुन्हा आपटायची. पहिला सेट मी हरले. बाहेर बदामाच्या झाडाखाली पाठ करून छत्री धरलेली सरांची आकृती दिसत होती. मला डोळ्यांसमोर दुसरा माग दिसत होता. दुसरा सेट मी कसाबसा घेतला. तिसऱ्यात ती मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली, बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मी उभी होते. छाती धडधडत होती, आणि ती धडधड काही कमी झाली नाही. पण पाय जमिनीवर राहिले. मी तिचा हात बघत राहिले. तिच्या बोटांतून बॉल सुटला तेव्हाच मी निघाले, त्याच्या आधी नाही.

यादीत माझं नाव सगळ्यात खाली होतं, पण होतं.

मी धावत झाडाखाली गेले. सर उठून उभे राहिले, माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी घाईने विचारलं, "पोटरीत गोळा आला न्हाय न्हवं?"

"न्हाय सर. संघात आले मी."

"ते कळलं. टाळ्या ऐकू आल्या." मग छत्रीने कोर्टाकडे दाखवत म्हणाले, "त्यांचं नेट दुसऱ्या सेटपासनं बोटभर खाली उतरलंय. आवाज बदललाय. कुणी मोजलं न्हाय. बघ जाऊन."

मी गेले. दोन रॅकेटी लावून बघितलं. बोटभर खाली होतं.

पदवीची जागा मिळाली. दुसऱ्या मागावर आप्पांनी माणूस ठेवला. मी आता निपाणीजवळच्या एका निवासी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेचं कोर्ट सिमेंटचं आहे, मुली चांगल्या आहेत, आणि ह्या वर्षी त्यांतली एक राज्यस्तरावर खेळायला जाणार आहे. शाळेने बॉल फेकणारं मशीन घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. गेल्या आठवड्यात विक्रेता दोन मशीनं घेऊन आला. एक नवं, बॅटरीवरचं, मोबाइलवरून चालणारं. दुसरं जुन्या पद्धतीचं, वायरचं. मुली नव्यापुढे नाचत होत्या. मी बाजूला जाऊन शहापूरला फोन लावला.

सर आता फार चालत नाहीत. ऐकू मात्र स्वच्छ येतं.

"सर, वडगाव बोलतीय."

"नेट मोजलंस काय?"

"मोजलं." आणि मी त्यांना नव्या मशीनबद्दल सगळं सांगितलं. वेग, फिरकी, मोबाइल, मध्येच ठेका बदलायची सोय. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"लाईट गेली की थांबतंय का?"

"न्हाय सर. बॅटरी हाय. चालूच ऱ्हातंय."



"मग नको," सर म्हणाले. "दुसरं काय हाय?"

"वायरचं हाय एक."

"त्याचं टोपलं निघतंय?"

"निघतंय."

"नळीत हात जातोय का बघ. थांब, थांब. आधी प्लग काढ."

मी विक्रेत्याला प्लग काढायला लावला, स्वतः बघून खात्री केली, फोन खांद्यावर मानेने धरला आणि डावा हात नळीत घातला. मनगटापर्यंत गेला.

"जातोय, सर."

"डावा घातलास?"

"डावाच."

पलीकडे छत्री जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"बघू," ते म्हणाले.